उघड्या चाकांची तालीम : अमेरिकेतील स्टॉक-कार चालकांच्या घडणीचा एक इतिहास

१. विषयप्रवेश

खेळाचा इतिहास म्हणजे विजयपराजयांची जंत्री, असा समज पुष्कळ अंशी रूढ आहे. वस्तुतः खेळाडू कोठे घडतात, कोणाच्या खर्चाने घडतात, आणि जेथे घडतात तेथेच त्यांच्या गुणांचे चीज होते की अन्यत्र, हे प्रश्न सामाजिक इतिहासाचेच आहेत. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मोटार-शर्यतींच्या संदर्भात अशाच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

अमेरिकेत लंबवर्तुळाकार धावपट्टीवरील शर्यतींच्या दोन मोठ्या परंपरा आहेत. पहिली उघड्या चाकांच्या गाड्यांची. या गाड्यांच्या चाकांवर मडगार्ड नसतात. चालक एकटाच मध्यभागी बसतो. गाडी केवळ शर्यतीसाठीच बांधलेली असते. दुसरी परंपरा स्टॉक कारची, म्हणजे मुळात विक्रेत्याच्या दुकानात मिळणारी घरगुती मोटारच शर्यतीत उतरविण्याची. आज ही स्टॉक कार नावापुरतीच घरगुती उरली असली, तरी बंदिस्त अंग, झाकलेली चाके व मोठे वजन ही तिची लक्षणे कायम आहेत. पहिल्या परंपरेतील लहान गाड्यांत, म्हणजे मिजेट आणि स्प्रिंट या नावांच्या गाड्यांत, तयार झालेला चालक स्टॉक कारमध्ये हमखास चमकतो, असे तेथील जाणकार मानीत आले आहेत.

या समजुतीला आधार आहे. स्टॉक-कार शर्यतींची प्रमुख संस्था जी नॅसकार, तिच्या सर्वोच्च मालिकेत १९९५ ते २००५ या अकरा हंगामांपैकी सहा हंगामांचे विजेतेपद जेफ गॉर्डन व टोनी स्टुअर्ट या दोघांनीच मिळविले. आणि हे दोघेही मिजेट व स्प्रिंट गाड्यांच्या तालमीत वाढलेले होते. परंतु त्यापूर्वीचा काळ पाहू लागताच ही समजूत डळमळू लागते. १९४९ पासून १९९४ पर्यंतच्या सेहेचाळीस हंगामांत उघड्या चाकांच्या गाड्यांची राष्ट्रीय पदवी मिळवून आलेला एकही चालक नॅसकारचा विजेता झालेला दिसत नाही. पुढे २००६ ते २०२० या पंधरा हंगामांतही असे विजेतेपद एकदाच, २०११ मध्ये, पुन्हा स्टुअर्टलाच मिळाले. तालमीचा गुण जर तिच्या मातीतच असेल, तर तो सेहेचाळीस वर्षे लपून राहावा, अकरा वर्षे प्रकट व्हावा आणि पुन्हा ओसरावा, याची उपपत्ती काय? गाडीच्या यंत्रात सापडणारे उत्तर पुरेसे नाही, ते त्या गाड्यांच्या भोवतीच्या अर्थव्यवहारात शोधावे लागते, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. दोन परंपरांचा उगम

अमेरिकेतील मध्य-पश्चिमेच्या राज्यांत प्रत्येक परगण्याच्या जत्रेसाठी घोड्यांच्या शर्यतींची मातीची धावपट्टी असे. बहुधा अर्ध्या मैलाची, क्वचित एक मैलाची. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार आली तेव्हा ती याच पट्ट्यांवर धावू लागली. लंबवर्तुळ हा आकार असा घोड्यांकडून वारशाने आलेला आहे. १९०९ साली इंडियानापोलिस येथे अडीच मैलांची मोठी धावपट्टी उभी राहिली, व १९११ पासून तेथे पाचशे मैलांची वार्षिक शर्यत होऊ लागली. तेव्हापासून सर्व लहान पट्ट्यांवरील चालकांच्या आकांक्षेचे ते शिखर ठरले.

मंदीच्या काळात मोठी गाडी बाळगणे परवडेनासे झाले तेव्हा कॅलिफोर्नियात एक नवा प्रकार उदयास आला. १९३३ मध्ये सॅक्रामेंटो येथे मिजेट गाड्यांच्या संघटित शर्यतींना प्रारंभ झाला, आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे त्यांच्यासाठी गिल्मोर स्टेडियम उभे राहिले. लहान पट्टी, लहान गाडी, रात्रीचा दिव्यांचा प्रकाश आणि दिवसभर काम करून आलेला प्रेक्षक, असे या खेळाचे रूप होते. मिजेटहून मोठी व बलवान ती स्प्रिंट कार, आणि तिच्याहून लांब ती मैलभराच्या मातीच्या पट्टीवर धावणारी चँपियनशिप गाडी. अशा तीन पायऱ्या चढून चालक इंडियानापोलिसला पोहोचे. १९५३ व १९५४ चा तेथील विजेता बिल व्हुकोविच हा कॅलिफोर्नियातील मिजेटच्या पट्ट्यांवरूनच आलेला होता. १९५५ पर्यंत या शर्यतींचे नियंत्रण अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनकडे होते. त्या वर्षी ल मान्स येथे झालेल्या भीषण अपघातानंतर त्या संस्थेने शर्यतींतून अंग काढून घेतले व तिची जागा युनायटेड स्टेट्स ऑटो क्लबने घेतली. यापुढे तिचा उल्लेख ‘ऑटो क्लब’ असा केला आहे.

स्टॉक कारची परंपरा दक्षिणेतली. चोरट्या दारूची ने-आण करणाऱ्या वेगवान मोटारी आणि त्या हाकणारे धाडसी तरुण यांचा तिच्या जन्माशी संबंध होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच येथील एका हॉटेलात बिल फ्रान्स याने बोलाविलेल्या बैठकीतून नॅसकार ही संस्था निघाली. १९४८ च्या फेब्रुवारीत ती रीतसर नोंदली गेली, आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे तिच्या सर्वोच्च मालिकेची पहिली शर्यत झाली.

या दोन परंपरांमध्ये प्रारंभी भूगोलाचे, प्रतिष्ठेचे व काही अंशी सामाजिक दर्जाचेही अंतर होते. तरी त्या एकमेकींना अगदीच अपरिचित नव्हत्या. ४ सप्टेंबर १९५० रोजी दक्षिण कॅरोलायनातील डार्लिंग्टन येथे स्टॉक कारची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. पंचाहत्तर गाड्या सुटल्या. दक्षिणेतील नामांकित चालकांनी वेग धरला आणि त्यांचे टायर एकामागून एक फुटू लागले. विजय मिळाला तो जॉनी मँट्झ या कॅलिफोर्नियाच्या चालकाला. तो इंडियानापोलिसच्या शर्यतीत उतरलेला होता. पाचशे मैल हे अंतर किती लांब असते हे त्याला ठाऊक होते. कठीण टायर लावून, आपली लहानशी प्लिमथ मोटार संथ पण अखंड चालवीत, तो इतरांच्या पुष्कळ फेऱ्या पुढे राहिला. स्टॉक कारच्या पहिल्या महाशर्यतीतच उघड्या चाकांच्या अनुभवाने बाजी मारली, ही घटना लक्षणीय आहे. परंतु तो अनुभव वेगाचा नसून संयमाचा होता, हेही तितकेच लक्षणीय आहे.

३. गाडीने लावलेली शिस्त

आता या लहान गाड्या चालकाला काय शिकवितात ते पाहू. स्प्रिंट कारचे वजन सुमारे १,४०० पौंड असते आणि तिच्या इंजिनाची शक्ती ८०० ते ९०० अश्वशक्तीच्या घरात जाते. गॉर्डनच्या काळातील स्टॉक कारचे वजन सुमारे ३,४०० पौंड व शक्ती ७०० अश्वशक्तीच्या आसपास होती. म्हणजे स्टॉक कारमध्ये एका अश्वशक्तीला जवळजवळ पाच पौंड ओढावे लागत, तर स्प्रिंट कारमध्ये पावणेदोन पौंडांहूनही कमी. शक्तीच्या मानाने वजन इतके अल्प असले की मागची चाके जमीन सोडू पाहतात. त्यामुळे अॅक्सिलरेटरवरील पाय हे वेग वाढविण्याचे साधन राहत नाही. ते गाडी वळविण्याचे साधन बनते. मातीच्या वळणावर चालक गाडीची शेपूट बाहेर जाऊ देतो, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला धरतो, आणि पायाच्या दाबाने तो घसरता तोल सांभाळीत वळण पार करतो.

या गाड्यांची मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जखडलेली असतात. उजवे चाक डाव्याहून परिघाने मोठे ठेवतात. निमुळता पेला जमिनीवर लोटला असता तो सरळ न जाता गोल फिरतो. त्याच न्यायाने ही गाडी आपण होऊन डावीकडे वळू पाहते. गाडीत नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्स नसतो, स्वतः सुरू होण्याची सोयही नसते. मागून दुसऱ्या गाडीने ढकलून ती सुरू करावी लागते. सारांश, चालक व धावपट्टी यांच्यामध्ये जी यंत्रसामग्री असते ती येथे किमान असते. मातीत काय चालले आहे ते चालकाला थेट पाठीला व बैठकीला कळते.

शिवाय ही माती स्थिर नसते. संध्याकाळी पाणी मारलेली ओली पट्टी रात्र चढेल तशी सुकते; कडेला सैल मातीचा बांध साचतो; पहिल्या फेरीत जो मार्ग वेगाचा असतो तो विसाव्या फेरीत निरुपयोगी ठरतो. नवा मार्ग शोधण्याचे काम चालकालाच करावे लागते. एका रात्रीत वेळेची चाचणी, प्राथमिक शर्यत व अंतिम शर्यत अशा तीनचार परीक्षा होतात, आणि हंगामात असे अनेक डझन दिवस येतात. वर्षाकाठी शंभर वेळा सुरुवात करणारा तरुण आणि तीस वेळा करणारा तरुण यांच्या अनुभवात जो फरक पडतो तो वयाने भरून निघत नाही.

शेवटची गोष्ट उघड्या चाकांची. दोन स्टॉक कार एकमेकींना घासल्या तर पत्रा चेपतो व शर्यत चालू राहते. उघड्या चाकाला चाक लागले तर मागची गाडी हवेत फेकली जाते. म्हणून या तालमीत अंतराची जाणीव अत्यंत सूक्ष्म होते. चूक केली तर तिचे प्रायश्चित्त तत्काळ, आणि कधी कधी अखेरचे, असते.

हे सर्व गुण स्टॉक कारमध्ये उपयोगी पडतात यात संशय नाही. मार्च १९९२ मध्ये अटलांटा येथे नॅसकारच्या दुय्यम मालिकेतील एका शर्यतीत संघमालक रिक हेंड्रिक याने एक पांढरी गाडी पाहिली. तिची शेपूट प्रत्येक वळणावर बाहेर जात होती; आता ही आपटणार असे त्याला वाटले. ती आपटली नाही, ती जिंकली. चालक होता वीस वर्षांचा जेफ गॉर्डन. स्टॉक कारच्या चालकांना जी स्थिती अपघाताची पूर्वसूचना वाटे, ती या तरुणाला नित्याची होती. हेंड्रिकने त्याला आपल्या संघात घेतले.

४. वाट कोठे जात होती?

परंतु येथे मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. हीच गाडी, हीच माती १९६० मध्येही होती. मग तेव्हाचे चालक स्टॉक कारकडे का वळले नाहीत?

उत्तर असे की, ते वळले, पण पाहुणे म्हणून. मारिओ आंद्रेत्ती याने १९६७ मध्ये व ए. जे. फॉइट याने १९७२ मध्ये डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत जिंकली. पार्नेली जोन्स यानेही नॅसकारच्या शर्यती जिंकल्या. तिघेही मिजेट-स्प्रिंटच्या शाळेतले. त्यांच्या अंगी कसबाची उणीव नव्हती. तेथे राहण्याचे त्यांना कारणच नव्हते. इंडियानापोलिसचे द्रव्य व कीर्ती या दोन्हींपुढे दक्षिणेतील मालिका दुय्यम होती. उलट बाजूनेही कसब जाऊ शकत होते: स्टॉक कारचा चालक डॉनी अॅलिसन १९७० मध्ये इंडियानापोलिसला उतरला, चौथा आला व त्या वर्षीचा सर्वोत्तम नवागत ठरला. यावरून असे अनुमान निघते की, कौशल्य दोन्ही दिशांनी वाहू शकत होते. प्रवाहाची दिशा कौशल्याने ठरत नव्हती. ती ठरत होती उतारावरून, आणि उतार होता पैशाचा व मानाचा.

हा उतार बदलला तो दोन टप्प्यांनी. पहिला टप्पा यंत्राचा. १९६१ मध्ये जॅक ब्रॅबम याने इंजिन पाठीमागे असलेली लहानशी कूपर गाडी इंडियानापोलिसला आणली व नववा क्रमांक मिळविला. १९६५ मध्ये जिम क्लार्क याने तशाच रचनेच्या लोटस गाडीने ती शर्यत जिंकली. इंजिन पुढे असलेल्या गाडीचा तेथील शेवटचा विजय १९६४ चा, फॉइटचा. तोपर्यंत स्प्रिंट कार, मातीवरील चँपियनशिप गाडी व इंडियानापोलिसची गाडी या एकाच घराण्यातल्या बहिणी होत्या. आता थोरली बहीण परक्या घराण्यात गेली. तिच्यासाठी लागणारे शिक्षण युरोपातील वळणावळणाच्या रस्त्यांवर मिळू लागले.

दुसरा टप्पा संघटनेचा. १९७० पर्यंत राष्ट्रीय विजेतेपदासाठी मातीच्या मैलभर पट्ट्यांवरील शर्यती गणल्या जात. ४ ऑक्टोबर १९७० रोजी सॅक्रामेंटो येथे तशी शेवटची शर्यत झाली. १९७१ पासून मातीच्या शर्यतींची वेगळी मालिका करण्यात आली. तीच पुढे ‘सिल्व्हर क्राउन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. वरवर पाहता ही केवळ वर्गवारी होती. परिणाम मात्र असा झाला की, शिडीच्या खालच्या पायऱ्या शाबूत राहिल्या आणि वरची काढून घेतली गेली. १९७९ पासून ‘कार्ट’ या नव्या संघटनेची मालिका सुरू झाली, तीत रस्त्यांवरील शर्यती वाढल्या. गाडीचा खर्च वाढला. आणि तीत जागा हवी असणाऱ्या तरुणाला कसबाबरोबर पुरस्कर्त्याचा पैसाही आणावा लागू लागला. १९८९ व १९९० मध्ये इंडियानापोलिस जिंकणारे एमर्सन फिट्टिपाल्डी व आरी लायेंडाइक हे अनुक्रमे ब्राझील व नेदरलंड्सचे, आणि दोघेही रस्त्यांवरील शर्यतींच्या परंपरेतील होते. इंडियानातील मिजेटचालक आपल्याच गावच्या शर्यतीला परका झाला.

५. प्रवाह वळतो

या पार्श्वभूमीवर टिम रिचमंड याची कारकीर्द अग्रदूताची म्हणावी लागेल. स्प्रिंट कारमधून वर आलेला हा चालक १९८० मध्ये इंडियानापोलिसचा सर्वोत्तम नवागत ठरला, आणि त्याच वर्षी नॅसकारकडे वळला. १९८६ मध्ये त्याने तेथे सात शर्यती जिंकल्या. १९८९ मध्ये त्याचे अकाली निधन झाले; परंतु फॉइट-आंद्रेत्तीप्रमाणे तो पाहुणा नव्हता. तो राहावयास गेला होता.

याच सुमारास दूरचित्रवाणीने एक नवे कार्य केले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ईएसपीएन या वाहिनीने ऑटो क्लबच्या लहान पट्ट्यांवरील रात्रीच्या शर्यती देशभर दाखविण्यास प्रारंभ केला. पूर्वी परगण्याच्या बाहेर ज्यांचे नाव जात नसे, ते चालक आता शार्लटमधील संघमालकांच्या दिवाणखान्यात दिसू लागले. नॅसकारजवळ पुरस्कर्ते होते, द्रव्य होते, आणि कसबी तरुणांची गरज होती. इकडे तरुण होते, पण जावयास ठिकाण नव्हते. दोन पात्रांच्या पातळ्यांत फरक असला आणि मध्ये नळी जोडली की पाणी आपण होऊन वाहते, तसेच झाले.

गॉर्डनचा जन्म १९७१ चा, कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो येथला. पाचव्या वर्षी तो लहान मुलांच्या क्वार्टर-मिजेटमध्ये बसला. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो स्प्रिंट कार चालवू लागला. कॅलिफोर्नियात इतक्या लहान मुलाला परवानगी मिळत नसल्यामुळे सावत्र वडिलांनी बिऱ्हाड इंडियानात पिट्सबरो येथे हलविले. १९९० मध्ये ऑटो क्लबच्या मिजेट मालिकेचे व १९९१ मध्ये सिल्व्हर क्राउनचे विजेतेपद त्याने मिळविले. पन्नास वर्षांपूर्वी असा मुलगा पुढच्या मे महिन्यात इंडियानापोलिसला दिसला असता. हा मात्र नोव्हेंबर १९९२ मध्ये अटलांटा येथे स्टॉक कारच्या सर्वोच्च मालिकेत उतरला. रिचर्ड पेटीची ती शेवटची शर्यत होती.

६ ऑगस्ट १९९४ रोजी इंडियानापोलिसच्या त्या जुन्या पट्टीवर स्टॉक कारची पहिली शर्यत झाली, आणि ती गॉर्डनने जिंकली. त्याला तेविसावे वर्ष पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. पट्टीपासून जवळच्या गावात वाढलेला मिजेटचालक अखेर इंडियानापोलिसचा विजेता झाला. परंतु दुसऱ्याच्या गाडीत बसून, दुसऱ्याच्या दारातून. या एका दिवसात प्रस्तुत इतिहासाचा सारा अर्थ साठविलेला आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ही गळती थांबविण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. इंडियानापोलिसचा अधिपती टोनी जॉर्ज याने १९९४ मध्ये इंडी रेसिंग लीगची घोषणा केली. केवळ लंबवर्तुळाकार पट्ट्या, आटोक्यातला खर्च, आणि मिजेट-स्प्रिंटमधून आलेल्या देशी चालकांना पुन्हा संधी, हे तिचे प्रकट हेतू होते. १९९६ मध्ये ती सुरू झाली. तिचे हे ध्येय ज्याच्या रूपाने साकार झाले असे वाटले तो टोनी स्टुअर्ट. इंडियानातील कोलंबसचा हा तरुण १९९५ मध्ये मिजेट, स्प्रिंट व सिल्व्हर क्राउन ही तिन्ही विजेतेपदे एकाच वर्षी मिळविणारा पहिला चालक ठरला होता. १९९७ मध्ये तो या नव्या मालिकेचा विजेता झाला. आणि १९९९ मध्ये तो नॅसकारमध्ये होता. पहिल्याच हंगामात त्याने तीन शर्यती जिंकल्या. २००२ व २००५ मध्ये विजेतेपद मिळविले. म्हणजे जी शिडी खास अशा मुलासाठी पुन्हा उभारली, तिच्या माथ्यावर पोहोचताच तो पलीकडच्या घराच्या गच्चीवर उतरून गेला. त्याला दोष देण्याचे कारण नाही. उतार तिकडेच होता.

त्यानंतर जणू पायवाट मळली. १९९९ चा सिल्व्हर क्राउन विजेता रायन न्यूमन, मिजेटचे विजेतेपद १९९७ ते १९९९ सलग तीन वर्षे राखणारा जेसन लेफ्लर, २००० चा मिजेट विजेता केसी केन, २००३ मध्ये तिहेरी विजेतेपद मिळविणारा जे. जे. येली, हे सर्व त्याच वाटेने गेले. न्यूमनने २००८ मध्ये डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत जिंकली.

६. दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मातीतील कसब हेच जर निर्णायक, तर त्या कसबाचा सर्वश्रेष्ठ धनी स्टॉक कारमध्ये का हरला? १९७८ मध्ये निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ या स्प्रिंट मालिकेचे विजेतेपद स्टीव्ह किन्सर याने एकंदर वीस वेळा मिळविले. १९९५ मध्ये तो नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत उतरला, आणि अवघ्या पाच शर्यतींनंतर संघाबाहेर पडला. त्याच वर्षी गॉर्डन तेथील विजेता झाला.

हा आक्षेप मोलाचा आहे, कारण तो ‘तालीम’ या शब्दाचा नेमका अर्थ ठरवावयास लावतो. किन्सरची मालिका पंख लावलेल्या स्प्रिंट गाड्यांची व केवळ मातीची. छतावरील मोठा पंख वाऱ्याच्या दाबाने चाके जमिनीवर दाबून धरतो. त्यामुळे तेथील कसब निराळे. ऑटो क्लबच्या चालकाला त्या काळी पंखाविना, तीन निरनिराळ्या गाड्यांत, कधी मातीवर तर कधी डांबरी पट्टीवर उतरावे लागे. त्याला जे मिळे ते एका गाडीचे प्रभुत्व नसून अनोळखी गाडी लवकर ओळखण्याची सवय होती. दुसरी गोष्ट वयाची. किन्सर चाळीस वर्षांचा होता. गॉर्डन सर्वोच्च मालिकेत आला तेव्हा एकवीस. डेव्ह ब्लेनी याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९८४ चे सिल्व्हर क्राउन व १९९५ चे आउटलॉज ही दोन्ही विजेतेपदे त्याच्याकडे होती, म्हणजे वैविध्याचीही उणीव नव्हती. पण सर्वोच्च मालिकेत तो पूर्णवेळ आला तो सदतिसाव्या वर्षी, आणि तेथे त्याला एकही विजय मिळाला नाही. एका तालमीत पूर्ण मुरलेला गडी दुसरीकडे नेता येत नाही; न्यावयाचा तो अर्धा मुरलेलाच न्यावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की, २००६ नंतरचा सर्वात यशस्वी चालक जिमी जॉन्सन या वाटेने आलाच नाही. वाळवंटातील व आडरानातील शर्यतींतून येऊन त्याने सात विजेतेपदे मिळविली. हे खरे आहे. परंतु यामुळे आमच्या प्रतिपादनाला बाध येण्याऐवजी पुष्टीच मिळते. सैल जमिनीवर घसरती गाडी सांभाळण्याचे शिक्षण देणाऱ्या शाळा एकाहून अधिक असू शकतात. उघड्या चाकांच्या शाळेचे यश तिच्या एकमेवपणात नव्हते. ते विशिष्ट वर्षांत तिच्याकडे तयार, तरुण आणि निराधार विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, यात होते.

७. या शिक्षणाचे मूल्य

मूल्य हा शब्द येथे त्याच्या दुसऱ्या अर्थानेही घ्यावा लागतो. ज्या वर्षी गॉर्डन मिजेटचा विजेता झाला, त्याच १९९० च्या जुलैमध्ये रिच व्होग्लर हा ऑटो क्लबचा अत्यंत कर्तबगार चालक सेलम येथील पट्टीवर स्प्रिंट कारमध्ये मरण पावला. तोही स्टॉक कारच्या दारापर्यंत पोहोचलेला होता. जेसन लेफ्लर नॅसकारमध्ये अनेक वर्षे राहिला, पुढे पुन्हा स्प्रिंट कारकडे वळला, व १२ जून २०१३ रोजी न्यू जर्सीतील एका लहान पट्टीवर त्याचा अंत झाला. ब्रायन क्लॉसन या तरुणाला एका मोठ्या नॅसकार संघाने करारबद्ध केले होते. ते जमले नाही, तो मिजेटकडे परतला, इंडियानापोलिसलाही उतरला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये कॅन्सस राज्यात बेलव्हिल येथील अपघातात गेला. स्वतः स्टुअर्टचा पाय २०१३ मध्ये आयोवात एका स्प्रिंट शर्यतीत मोडला व त्याचा उरलेला हंगाम वाया गेला.

ही नावे येथे केवळ हळहळीसाठी दिलेली नाहीत. शिक्षणसंस्थेच्या इतिहासात उत्तीर्णांची यादी लिहिली जाते; परंतु या शाळेचा खर्च कोणी सोसला, हे अनुत्तीर्णांच्या व परत आलेल्यांच्या यादीवरूनच कळते. नॅसकारला तयार चालक मिळाले. त्यांना तयार करण्याचा जोखमीचा काळ मात्र कुटुंबांनी, गावच्या पट्टीमालकांनी आणि त्या तरुणांनी स्वतः उचलला. एकाने पेरावे व दुसऱ्याने कापणी करावी, अशीच ही व्यवस्था होती; आणि ती कोणी योजून केलेली नव्हती, म्हणून तिचा जाब कोणाला विचारावा हेही ठरत नाही.

८. उत्तरकाल व समारोप

२००५ नंतर ओघ मंदावला. नॅसकारच्या संघांनी किशोरवयीन चालकांशी करार करून त्यांना थेट स्टॉक कारच्या खालच्या मालिकांत वाढविण्याची पद्धत स्वीकारली. पुढे संगणकीय सराव-यंत्रांनी अनुभवाची काही उणीव भरून काढली. आणि तेथेही पैसा घेऊन येणाऱ्या तरुणाचे पारडे जड होऊ लागले. ‘कार्ट’ने एके काळी जी अट घातली तीच फिरून नॅसकारच्या दारी आली, असे दिसते.

तथापि प्रवाह आटला नाही. २०१३ चा मिजेट विजेता क्रिस्टोफर बेल सर्वोच्च मालिकेत पोहोचला, आणि ब्रिस्टल येथे मुद्दाम माती पसरून घेतलेली २०२३ ची शर्यत त्याने जिंकली. काइल लार्सन याने २०११ मध्ये एल्डोरा येथे एकाच रात्री ऑटो क्लबच्या मिजेट, स्प्रिंट व सिल्व्हर क्राउन या तिन्ही शर्यती जिंकल्या होत्या, तेव्हा त्याचे वय एकोणीस होते. २०२० मध्ये वंशद्वेषी शब्द उच्चारल्याबद्दल त्याला नॅसकारने निलंबित केले व संघाने काढून टाकले. ते वर्ष त्याने बहुतांशी मातीच्या पट्ट्यांवर घालविले. २०२१ मध्ये हेंड्रिकच्या संघातून परतून त्याने दहा शर्यती व विजेतेपद मिळविले. २०२५ मध्ये ते पुन्हा मिळविले. चांगल्या संघाचा वाटा त्यात मोठा आहे. तरी पूर्वीचे चालक मातीतून स्टॉक कारकडे एकदाच जात, हा मात्र दोन्हीकडे एकाच वेळी वावरतो, हा बदल नोंद घेण्याजोगा आहे.

वरील विवेचनाचे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. एक, मिजेट व स्प्रिंट गाड्या चालकाला जे शिकवितात ते खरोखर उपयुक्त आहे, व त्यात वैविध्याचा वाटा मातीइतकाच मोठा आहे. दोन, हे शिक्षण स्टॉक कारसाठी योजलेले नव्हते. ते इंडियानापोलिससाठी होते. तीन, त्या शाळेचा स्टॉक कारला लाभ झाला तो तिची उन्नती झाल्यामुळे नव्हे, तर तिचे मूळ उद्दिष्ट हिरावले गेल्यामुळे. जी संस्था आपल्या विद्यार्थ्यांना पुढचे दार देऊ शकत नाही, तिची कीर्ती दुसऱ्याच्या अंगणात वाढते. गॉर्डन-स्टुअर्टचा काळ त्या तालमीच्या वैभवाचा मानला जातो. प्रत्यक्षात तो तिच्या पोरकेपणाचा काळ होता. आणि तरीही त्या पोरकेपणात तिने अशी माणसे घडविली, हीच तिच्या कसदारपणाची साक्ष म्हटली पाहिजे.